जडपणा कुठे जातो?

अण्णांचा अंगठा स्टेअरिंगच्या आऱ्यांमध्ये कधी गेला नाही. चार बोटं बाहेरून वळवून चाक धरायचं आणि अंगठा बोटांशेजारी, रिमवरच आडवा ठेवायचा, ही त्यांची पकड. मला पहिल्यांदा ट्रॅक्टरच्या सीटवर बसवलं तेव्हा क्लच, गिअर, ब्रेक यांतलं काही सांगायच्या आधी त्यांनी माझे दोन्ही अंगठे धरून बाहेर काढले. "हे आत राहिले तर एक दिवस मोडतील," एवढंच म्हणाले.

का मोडतील ते मला काही वर्षांनी कळलं. नांगरलेल्या रानातून आडवा चाललो होतो. पुढचं उजवं चाक मातीत गाडलेल्या दगडावर चढलं आणि घसरून खाली आलं. स्टेअरिंगचं चाक माझ्या हातातून सुटलं, गरकन फिरलं आणि त्याचा आरा अंगठ्याच्या मुळाशी बसला. हाड शाबूत राहिलं, पण पुढचे तीन आठवडे शर्टाचं बटण लावता येत नव्हतं.

जुन्या ट्रॅक्टरचं स्टेअरिंग दोन्ही बाजूंनी चालतं. मी चाक फिरवलं की पुढची चाकं वळतात, तशी पुढची चाकं वळली की माझ्या हातातलं चाक फिरतं. माणूस आणि जमीन एकाच काठीची दोन टोकं धरून उभे असतात. कधी माणूस ओढतो, कधी जमीन. पॉवर स्टेअरिंग, म्हणजे तेलाच्या दाबाने चाकं वळवायला हात देणारी यंत्रणा, आलं ते या काठीच्या मधोमध. आमच्या जुन्या ट्रॅक्टरला मी ते एकदा बसवलं, त्यात एक मोडतोड करून ठेवली, मग सगळं उतरवून पुन्हा बसवलं. या सगळ्यात एक गोष्ट माझ्या डोक्यात पक्की झाली. पॉवर स्टेअरिंगने ट्रॅक्टर हलका होत नाही. जडपणा होता तेवढाच राहतो, फक्त हातांना कळेनासा होतो.

मुळात स्टेअरिंग जड कशाने होतं? टायर जमिनीला जिथे टेकतो तिथे त्याचा एक ठसा असतो. ट्रॅक्टर उभा असताना चाक वळवलं की तो ठसा जागच्या जागी पिळला जातो, ओलं कापड पिळावं तसा. शिवाय किंगपिन, म्हणजे ज्या पिनेभोवती पुढचं चाक वळतं ती पिन, अगदी सरळ उभी नसते. वरच्या टोकाला ती आतल्या बाजूला कललेली असते. त्या कलण्यामुळे चाक वळताना ट्रॅक्टरचं नाक केसभर वर उचललं जातं, आणि ते वजन पुन्हा खाली बसायला बघतं म्हणून वळण संपल्यावर चाकं आपोआप सरळ होऊ लागतात. म्हणजे चाक वळवणारा माणूस रबर पिळतो आणि लोखंडही उचलतो. ट्रॅक्टर जरासा पुढे सरकला की पिळणं संपतं, टायर नुसता गडगडतो, आणि स्टेअरिंग एकदम सैल लागतं. म्हणून अण्णांचा दुसरा नियम होता: आधी हलायचं, मग वळायचं.

पुढे लोडर लावला की हे गणित बिघडतं. भरलेली बादली पुढच्या अ‍ॅक्सलच्याही पुढे लोंबत असते. ती मागची चाकं हलकी करते आणि तो काढून घेतलेला भारही पुढच्या अ‍ॅक्सलवर आणून टाकते. बादलीत जेवढं वजन, त्याहून जास्त पुढच्या चाकांवर. उलट मागे जड अवजार टांगलं की नाक हलकं होतं आणि स्टेअरिंग पिसासारखं फिरतं. नवशिक्याला ते सुख वाटतं, पण पुढचं चाक जमिनीला नीट टेकलेलंच नसेल तर ते वळवून ट्रॅक्टर कुठेच वळत नाही. अशा वेळी जुने चालक डाव्या-उजव्या ब्रेकने वळवतात. १९२४मध्ये आलेल्या पहिल्या फार्मऑल ट्रॅक्टरमध्ये तर स्टेअरिंगपासून मागच्या ब्रेकपर्यंत तारच ओढलेली होती. पुढची चाकं पार वळली की आतल्या बाजूचा ब्रेक आपोआप लागायचा.

हातावरचा भार कमी करायचे साधे उपाय दोनच. स्टेअरिंगचं चाक मोठं करायचं, नाहीतर गिअर बदलून फेऱ्या वाढवायच्या. भार निम्मा हवा असेल तर फेऱ्या दुप्पट, त्यात सवलत नाही. वाफेच्या ट्रॅक्शन इंजिनांवर हा हिशेब पार टोकाला गेला होता. पुढचा अख्खा अ‍ॅक्सल मधल्या एका पिनेवर वळायचा, त्याला दोन्ही बाजूंनी साखळ्या, साखळ्या एका आडव्या रुळाला गुंडाळलेल्या, आणि तो रूळ फिरवायला वर्म गिअर. एवढ्या फेऱ्या मारायच्या की इंजिन सांभाळणाऱ्याला ते जमत नसे. म्हणून स्टेअरिंगला बऱ्याचदा वेगळा माणूस असायचा. त्याचं काम एवढंच, चाक फिरवत राहायचं.

अख्खा अ‍ॅक्सल न वळवता दोन्ही चाकं आपापल्या पिनेवर वळवायची कल्पना त्याच्याही आधीची, घोडागाडीच्या काळातली. म्युनिकच्या लांकेन्सपर्गर नावाच्या गाडी बनवणाऱ्याची ती युक्ती. १८१८मध्ये रुडॉल्फ आकरमानने तिचं इंग्लंडमध्ये पेटंट घेतलं, आणि नाव आकरमानचं राहिलं. वळताना आतलं चाक लहान वर्तुळात फिरतं, बाहेरचं मोठ्या, म्हणून आतलं जास्त वळायला हवं. हे प्रमाण बिघडलं तर वळताना पुढचे टायर जमिनीवर घासून झिजतात.

आणि कासऱ्याने चालणारा ट्रॅक्टरही होऊन गेला आहे. पहिलं महायुद्ध संपलं त्या सुमारास जनरल मोटर्सने सॅमसन नावाखाली 'आयर्न हॉर्स' काढला. त्याला स्टेअरिंगचं चाकच नव्हतं, मागच्या अवजारावर बसून लगाम ओढायचे. माझी आवडती गोष्ट मात्र जर्मन लान्झ बुलडॉगची. त्याचं स्टेअरिंगचं चाक दांड्यासकट उपसून काढायचं, बाजूच्या फ्लायव्हीलमध्ये खोचायचं आणि त्याने इंजिन चालू करायचं. मग पुन्हा जागेवर आणून बसवायचं आणि निघायचं. ज्या हातांनी जड एकसिलिंडरी इंजिन हलवलं त्याच हातांनी दिवसभर जड स्टेअरिंग ओढायचं.

१९३२मध्ये अ‍ॅलिस-चामर्सने आपल्या मॉडेल यू ट्रॅक्टरला हवेचे टायर लावले. त्याआधी लोखंडी चाकं होती, वेग चालण्याइतका. रबर आलं तसा वेग वाढला आणि वेगाबरोबर हिसकाही. तोच दगड, पण आता तो दुप्पट-तिप्पट वेगाने भेटणारा. माझ्या समजुतीप्रमाणे ट्रॅक्टरला पॉवर स्टेअरिंगची खरी गरज इथून सुरू झाली, वजनापेक्षा या हिसक्यामुळे.

ते जन्माला मात्र मोटारीत आलं. फ्रान्सिस डेव्हिस हा अमेरिकन इंजिनिअर पिअर्स-अ‍ॅरो कंपनीच्या ट्रक विभागात होता. जड ट्रक वळवताना चालकांची होणारी दमछाक तो रोज पाहत होता. त्याने नोकरी सोडली, मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्थममध्ये छोटं वर्कशॉप थाटलं आणि १९२६मध्ये पिअर्स-अ‍ॅरोच्याच गाडीवर तेलाच्या दाबाने चालणारं स्टेअरिंग करून दाखवलं. त्याची खरी करामत व्हॉल्व्हमध्ये होती. त्याने तेल कोंडून धरलं नाही, सतत वाहतं ठेवलं. पंपातून निघालेलं तेल व्हॉल्व्हमधून तसंच टाकीत परत जातं, काही काम करत नाही. चालकाने चाक जरा हलवलं की व्हॉल्व्ह एका बाजूची वाट अरुंद करतो, तिथे दाब चढतो आणि तो दाब सिलिंडरला ढकलतो. हात थांबला की वाट मोकळी, दाब उतरला. माणूस मागेल तेवढंच आणि मागेल तेव्हाच. मंदीच्या काळात खर्चापायी ते मोटारींत येऊ शकलं नाही, दुसऱ्या महायुद्धात लष्कराच्या जड गाड्यांवर गेलं आणि १९५१मध्ये क्रायस्लरने ते पहिल्यांदा बाजारातल्या मोटारीत दिलं. दाखवलं त्याला तोवर पंचवीस वर्षं झाली होती.

शेतात ते फार उशिरा आलं नाही. जॉन डियरने १९५४मध्ये आपल्या ५०, ६० आणि ७० या दोन सिलिंडरच्या ट्रॅक्टरांना कारखान्यातूनच पॉवर स्टेअरिंग द्यायला सुरुवात केली. १९६०च्या ऑगस्टमध्ये डॅलसला त्यांनी दोन सिलिंडरचा जमाना संपवून ३०१० आणि ४०१० दाखवले, तेव्हा स्टेअरिंग, ब्रेक आणि मागची लिफ्ट एकाच पंपाच्या तेलावर चालत होती. ज्यांच्याकडे आधीचे ट्रॅक्टर होते त्यांच्यासाठी बाहेरच्या कंपन्यांचे जोडसंच निघाले. नेब्रास्कातल्या बेलेन कंपनीचे संच जुन्या फार्मऑलवर अजून दिसतात. जुना ट्रॅक्टर जपणाऱ्यांमध्ये एक वाद नेहमी होतो, मूळ ट्रॅक्टरला पॉवर स्टेअरिंग लावणं म्हणजे त्याचं मूळपण घालवणं का. माझं उत्तर सोपं आहे. ते ट्रॅक्टर ऐन उमेदीत होते तेव्हाच त्यांच्या मालकांनी हा प्रश्न पाना हातात घेऊन सोडवला होता.

आमच्या घरात हा विषय अण्णांच्या खांद्याने आणला. उजवा खांदा आखडला, हात कानापर्यंत जाईना. आयुष्यभर त्या हाताने स्टेअरिंग ओढलं होतं. डॉक्टरांनी कारण वयावर टाकलं. अण्णा काही बोलले नाहीत, पण ट्रॅक्टरवर बसणं त्यांनी सोडलं. संध्याकाळी शेडमध्ये जाऊन नुसते शेजारी उभे राहायचे. मला ते बघवेना. मी म्हटलं, "अण्णा, पॉवर स्टेअरिंग बसवू या. एका बोटावर फिरेल."

"बसव," ते म्हणाले. "पण आधी पुढची चाकं उचल."

मी उचलली नाहीत. ती चूक माझी आहे, सगळीच्या सगळी. त्यांना काय म्हणायचंय ते मला कळलं होतं. जॅक लावून पुढचा अ‍ॅक्सल हवेत धरायचा आणि स्टेअरिंग फिरवून बघायचं. टायर जमिनीला टेकलेला नसताना ते सहज फिरायला हवं. हवेतही जड लागलं तर तो जडपणा जमिनीचा नाही, आतल्या कशाचा तरी आहे. दहा मिनिटांचं काम. माझ्याकडे नवा सिलिंडर, नवा पंप, चकचकीत होज, म्हणजे तेलाच्या रबरी नळ्या, येऊन पडले होते आणि मला ते बसवायचे होते. तेलाचा दाब सगळ्याला पुरून उरेल, मग आत डोकवायचं कशाला, असा माझा विचार होता.

आता आमच्या ट्रॅक्टरची रचना सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे घडलं. हॅरी फर्ग्युसन आणि हेन्री फोर्ड यांनी १९३८मध्ये नुसतं हस्तांदोलन करून करार केला आणि पुढच्या वर्षी त्यातून फोर्डचा ९एन ट्रॅक्टर आला. त्याच्या पुढच्या चाकांना जोडणारा आडवा टाय रॉड नव्हता. स्टेअरिंग बॉक्समध्ये अर्धचंद्रासारखे दोन सेक्टर गिअर एकमेकांसमोर, प्रत्येकाला बाहेर एक आर्म, आणि प्रत्येक आर्मपासून आपापल्या बाजूच्या चाकापर्यंत एक लांब दांडा, म्हणजे ड्रॅग लिंक. फायदा असा की पुढच्या चाकांमधलं अंतर पिकाच्या ओळींप्रमाणे कमी-जास्त केलं तरी स्टेअरिंगला हात लावावा लागत नाही. फार सुंदर कल्पना आहे ती. फर्ग्युसनच्या टीई२०मध्ये तीच आली आणि नंतर कितीतरी ट्रॅक्टरांनी ती उचलली. आमचाही त्याच घराण्यातला.

या रचनेत दोन चाकांना बांधणारी गोष्ट एकच, त्या बॉक्समधले दात. मी सिलिंडर लावला उजव्या चाकाच्या आर्मवर. उजवं चाक तेलाने वळणार आणि डावं? उजव्या चाकाचा जोर ड्रॅग लिंकने मागे बॉक्समध्ये जाणार, एका सेक्टरमधून पिनियनमार्गे, म्हणजे स्टेअरिंगच्या दांड्याच्या टोकाच्या लहान गिअरमधून, दुसऱ्यात उतरणार, आणि डाव्या ड्रॅग लिंकने पुढे येऊन डावं चाक वळवणार. जे दात फक्त माणसाच्या हाताचा जोर वाहायला घडवले होते त्यांच्यावर मी तेलाचा जोर घातला.

किती जोर, ते मी नंतर कागदावर मांडलं. माणूस रेटून ओढू लागला तर चाकाच्या रिमवर धरा ३० किलो. चाक ४५ सेंटीमीटर व्यासाचं, म्हणजे हाताचा पल्ला साडेबावीस. बॉक्समध्ये तो जोर साधारण १५ पट होतो, आणि खालचा आर्म २० सेंटीमीटरचा. घर्षण सोडून दिलं तरी ड्रॅग लिंकवर ५०० किलोंच्या आसपास. सिलिंडरचा आतला व्यास ५० मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ जवळजवळ २० चौरस सेंटीमीटर. दाब ठरलेल्या मर्यादेपुढे जाऊ न देणारा रिलीफ व्हॉल्व्ह मी १०० बारवर ठेवला होता, म्हणजे चौरस सेंटीमीटरला साधारण १०० किलो. गुणाकार केला तर २००० किलो. चौपट. आणि हाताला दुखतं म्हणून माणूस थांबतो तरी, सिलिंडर थांबत नाही.

सात महिने ते सुरेख चाललं. अण्णा पुन्हा सीटवर बसले, एका हाताने वळवू लागले. मग एका सकाळी मी लोडरची बादली भरून चिखलात उभा होतो. ट्रॅक्टर न हलवता स्टेअरिंग पूर्ण डावीकडे घेतलं. पुढून ठक् असा आवाज आला, कोणीतरी घण मारल्यासारखा. खाली उतरून बघितलं तर उजवं चाक डावीकडे वळलेलं आणि डावं सरळ. दोन चाकं दोन दिशांना बघत होती. मी चिखलात उभा होतो म्हणून नुकसान लोखंडाचंच झालं. तासाभरापूर्वी मी याच ट्रॅक्टरवरून भरधाव रस्त्याने आलो होतो.

बॉक्स उघडला. डाव्या सेक्टरचे तीन दात मुळापासून गेलेले, तळाच्या ग्रीसमध्ये पडलेले. आणि डावं किंगपिन काढायला घेतलं तेव्हा खरी गोष्ट समोर आली. ते निघेना. तापवलं, ठोकलं, अर्धा दिवस गेला. ग्रीस निप्पल, म्हणजे ग्रीस भरायचं तोंड, कधीतरी बुजलं होतं, ग्रीस आत पोचतच नव्हतं, किंगपिन बुशमध्ये, म्हणजे ज्या नळीत ते फिरतं तिच्यात, गंजून धरलं होतं. स्टेअरिंग जड होतं ते यामुळे. अण्णांचा खांदा कित्येक वर्षं एका बुजलेल्या निप्पलशी झुंजत होता. मी जॅक लावला असता तर ते दहा मिनिटांत कळलं असतं. उलट मी तो जडपणा झाकून टाकला. हातांना कळत होतं ते कळेनासं केलं आणि दातांच्या गळ्यात घातलं.

अण्णा तुटलेला दात तळहातावर घेऊन बराच वेळ बघत होते. मला वाटलं बोलतील. ते म्हणाले, "दुसऱ्या बाजूचंही निप्पल बघ."

दुसऱ्या खेपेला आम्ही उलट क्रमाने गेलो. तेल, पंप, होज सगळं बाजूला ठेवलं आणि आधी लोखंड नीट केलं. दोन्ही किंगपिनं नवी, बुश नवे बसवून रीमर फिरवून मापात आणलेले, खालचं थ्रस्ट बेअरिंग बदललं, बॉल जॉइंट बदलले. हे काम कंटाळवाणं आहे आणि फोटोत दिसत नाही. पण ते झाल्यावर जॅकवर चढवलेलं चाक मी करंगळीने ढकललं तेव्हा ते गेलं आणि पलीकडे टेकून थांबलं. मला विचाराल तर जुन्या ट्रॅक्टरांमधल्या बऱ्याच जणांना इथवर आल्यावर पॉवर स्टेअरिंगची गरजच उरत नाही. नुसतं नांगरायला, ट्रॉली ओढायला हे पुरतं. आमच्याकडे लोडर होता आणि अण्णांचा खांदा होता, म्हणून आम्ही पुढे गेलो.

या वेळी दोन्ही चाकं एका टाय रॉडने बांधली आणि अ‍ॅक्सलच्या मधोमध, अ‍ॅक्सललाच धरून, दोन्ही बाजूंनी दांडा निघणारा सिलिंडर बसवला. एका बाजूने दांडा असलेल्या सिलिंडरमध्ये दांडा जागा खातो, त्यामुळे एका बाजूला वळायला फेऱ्या जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी लागतात. दोन्हीकडे दांडा असला की डावं-उजवं सारखं. २५ मिलिमीटरचा दांडा वजा जाता उरलं क्षेत्रफळ पावणेपंधरा चौरस सेंटीमीटर, आणि रिलीफ व्हॉल्व्ह ७० बारवर उतरवला. हजार किलो. दोन चाकांना पुरेसा, आणि तोही दातांमधून न जाणारा. जुना स्टेअरिंग बॉक्स उतरवून, ग्रीस भरून, कापडात गुंडाळून फळीवर ठेवला आहे. कुठे भोक पाडलं नाही, कुठे वेल्डिंग केलं नाही. कोणाला उद्या मूळ रूप हवं असेल तर चार बोल्टचं काम आहे. हे मी मुद्दाम केलं. यंत्र आपल्या आधी होतं आणि बहुधा आपल्या नंतरही असेल.

बॉक्सच्या जागी आलं ते ऑर्बिट्रोल, स्टेअरिंगच्या चाकाखाली बसून तेल सिलिंडरकडे धाडणारं युनिट. मिनिआपोलिसच्या चार-लिन कंपनीच्या लिन चार्लसनने काढलेली ही वस्तू ओंजळीत मावेल न मावेल एवढी, आणि आत इतकी हुशार की मी जुना तुकडा उघडून एक रविवार नुसता बघत बसलो होतो. सहा दातांचा तारा, सात खाचांच्या कड्यात. एक दात कमी असल्यामुळे तारा नुसता फिरत नाही, फिरता फिरता कड्याच्या आत घरंगळतो, आणि त्याची एक फेरी पुरी होईपर्यंत बेचाळीस वेळा एकेक कप्पा भरून रिकामा होतो. म्हणजे ते तेलाचं मापच आहे. चाक एक फेरी फिरवलं की मोजून १०० घनसेंटीमीटर तेल सिलिंडरकडे जातं. आमच्या सिलिंडरला या टोकापासून त्या टोकापर्यंत तीनशेच्या थोडं आत तेल लागतं, म्हणून फेऱ्या तीन. इंजिन बंद पडलं, पंप थांबला तर तोच तारा हातपंप होतो. माणूस चाक फिरवून स्वतःच्या जोराने तेल ढकलतो. मी इंजिन बंद करून उतारावर करून बघितलं. वळतं, पण दात-ओठ खावे लागतात. होज फुटला तर मात्र तेही नाही, कारण चाक आणि चाकं यांच्यामध्ये आता तेलाशिवाय काही उरलेलं नाही. म्हणून होजमध्ये काटकसर करू नये, आणि ते कुठे घासत नाहीत ना हे बघितल्याशिवाय रस्त्यावर निघू नये.

अण्णा पहिल्यांदा त्यावर बसले तो प्रसंग मी विसरणार नाही. शेडबाहेर काढला, उजवीकडे वळवला, आणि वळण संपल्यावर सवयीप्रमाणे त्यांनी पकड सैल केली. पन्नास वर्षं त्यांनी तसंच केलं होतं. वळण पुरं झालं की हात ढिले सोडायचे, चाक तळव्यांतून सुळकन मागे जातं. ते गेलं नाही. ट्रॅक्टर वळतच राहिला. ते क्षणभर त्या चाकाकडे बघत राहिले, मग हाताने फिरवून सरळ केलं आणि थांबले.

"हे परत येत नाही," ते म्हणाले.

आमचं युनिट जमिनीचा जोर मागे येऊ न देणारं आहे. जिथे सोडाल तिथे राहील. तेल दोन्ही बाजूंनी कोंडलं जातं, मग पुढच्या चाकांना सरळ व्हायचं असो की दगडाने फेकायचं असो, त्यांना वर काही कळवता येत नाही. जमिनीचा जोर हातापर्यंत येऊ देणारं युनिटही मिळतं. दोन्ही बाजूंनी दांड्याचा सिलिंडर लावला होता, त्यामुळे ते चाललं असतं. मी अण्णांना विचारलं. त्यांनी एक दिवस विचार केला. तास, म्हणजे नांगराची चर, धरून नांगरताना पुढचं चाक तासाच्या भिंतीला घासतंय की सुटलंय हे त्यांना तळहातात कळायचं, खाली बघावं लागायचं नाही. ते त्यांना परत हवं होतं. पण जी वाट ती खबर वर आणते तीच हिसकाही वर आणते. खांद्याला हिसका चालणार नव्हता. "असू दे," म्हणाले, "डोळे आहेत अजून."

आता ते चाकाकडे बघून नांगरतात. मान सारखी खाली घालतात, आणि तास पूर्वीइतकं सरळ येत नाही. थोडंसं नागमोडी असतं, लांबून बघितलं तर कळतं. त्यांना ते दिसतं. मलाही दिसतं.

एक सवय त्यांनी सोडली नाही. उभ्या ट्रॅक्टरचं स्टेअरिंग ते आजही फिरवत नाहीत. मी कधी घाईत फिरवलं तर शेडमधून हाक येते, "वळतंय म्हणून वळवायचं नाही." टायर पिळला जातोच आहे, किंगपिनवर भार येतोच आहे, तक्रार करणारं कोणी उरलेलं नाही एवढंच.

म्हणून महिन्यातून एकदा आम्ही पुढची चाकं उचलतो. मी जॅक लावतो आणि सिलिंडरच्या दोन्ही पिना काढून तो मोकळा करतो. टाय रॉडही सोडवतो, म्हणजे प्रत्येक चाक एकटं बोलेल. अण्णा स्टूल घेऊन आधी डाव्या चाकासमोर बसतात, टायर वर-खाली धरून हलवतात, मग कान जवळ नेतात आणि उजव्या, दुखऱ्या हाताने टायर सावकाश वळवतात, या टोकाला, मग त्या टोकाला. हवेतल्या चाकाला जोर लागत नाही, तो हात तेवढं करू शकतो. मग न बोलता ग्रीसगनसाठी हात मागे करतात.